सहावा रकाना

‘विपणन आणि लोकधोरण’ या त्रैमासिकाची एक जुनी रीत होती. एखाद्या लेखाचा निष्कर्ष दुसऱ्या कुणाच्या मूळ आकडेवारीवर उभा असेल, तर छापण्याआधी लेखाचं मुद्रित त्या माणसाकडे पाठवायचं आणि दहा दिवस थांबायचं. हरकत असेल तर त्याने ती घ्यावी, तीही एकदाच. बहुतेक जण घेत नसत. तळटीपेत आपलं नाव बघून प्राध्यापक मंडळींना जो आनंद होतो, त्यात हरकत कुठली सुचायला?

हेमांगी कुंभोजकरलाही आधी आनंदच झाला. कोल्हापुरातल्या एका व्यवस्थापन महाविद्यालयात ती ग्राहकवर्तन शिकवत होती, आणि गेल्या पाच वर्षांत तिचं नाव कुणी कुठे घेतलं नव्हतं. सकाळच्या चहाबरोबर तिने मुद्रित उघडलं. लेखाचा विषय होता रेशनच्या गहू-तांदळाऐवजी द्यायची पोषण पाकिटं. गरम पाणी ओतलं की जेवण तयार, असा तो प्रकार. तिसऱ्या पानावर तक्ता होता आणि त्यात लिहिलं होतं की पन्हाळ्यापलीकडच्या त्या डोंगरी तालुक्यात एक्क्याऐंशी टक्के महिलांची याला संमती आहे.

एक्क्याऐंशी हा आकडा बघून तिने कप खाली ठेवला. तो आकडा तिचा होता. अठरा वर्षांपूर्वी, पीएच.डी.च्या प्रबंधात, तिने स्वतः काढलेला.

एके काळी असली त्रैमासिकं दोनच माणसं वाचत, एक लिहिणारा आणि एक तपासणारा. आता ते दिवस राहिले नव्हते. अन्नपुरवठा खात्याने नियमच केला होता की या त्रैमासिकाने स्वीकारलेली शिफारस नव्वद दिवसांत अमलात आणायची. अट एवढीच, की निम्म्याहून जास्त लोकांची संमती दिसली पाहिजे. म्हणजे हा अंक निघाला की तीन महिन्यांत त्या तालुक्यातलं रेशनचं धान्य बंद आणि पाकिटं सुरू.

संमती कुणाची, हे मात्र नीट समजून घ्यायला हवं. राज्यातल्या प्रत्येक प्रौढ माणसाचा एक ‘प्रतिजन’ यंत्रात तयार केलेला होता. त्या माणसाने काय खरेदी केलं, कसली तक्रार केली, कोणत्या पाहणीत काय उत्तर दिलं, हे सगळं घालून त्याच्यासारखाच विचार करणारा एक हुबेहूब नमुना. धोरण आखायचं झालं की खऱ्या माणसाच्या दारात जायची गरज नाही. प्रतिजनाला तोच प्रश्न हजार वेळा विचारायचा, कधी तो दमलेला असताना, कधी महिनाअखेरीला, कधी घरात पाहुणे असताना, आणि उत्तरांची सरासरी घ्यायची. प्रतिजन कधी शेतावर गेलेला नसतो, चहाला थांबवत नाही, आणि नंतर या असंही म्हणत नाही.

शहरात हे उत्तम चालत होतं. तिथे माणूस दिवसाला शंभर खुणा मागे ठेवतो. डोंगरातल्या बाईच्या खुणा कुठल्या असणार? जिथे माहिती नव्हती तिथे यंत्र जुन्या पाहणीतून उसनी घेई. चमचाभर विरजणाने पातेलंभर दूध लागतं तसंच हे. तांबाळवाडी नावाच्या एका गावातल्या एकशे सव्वीस बायकांची उत्तरं हे विरजण होतं, आणि त्यावर तालुक्यातल्या चाळीस हजार प्रतिजन बायका लागल्या होत्या. त्यानंतर अठरा वर्षांत त्या गावाला कुणी काही विचारलंच नव्हतं. गरजच काय? उंटावरून शेळ्या हाकायची सोय झाल्यावर खाली उतरतो कोण?

आणि ते विरजणच नासकं होतं. हे जगात तीनच माणसांना माहीत होतं.

पाहणीच्या अर्जावर पाच रकाने होते. एक म्हणजे अजिबात नको, दोन म्हणजे नको, तीन म्हणजे सांगता येत नाही, चार म्हणजे चालेल, पाच म्हणजे नक्की चालेल. दुकानात तयार पाकीटबंद जेवण मिळालं तर घ्याल का, असा प्रश्न होता. दर तीन बायकांत एक बाई म्हणायची, “इचारून सांगते.” सासूला विचारून, नवऱ्याला विचारून, कुणी तर म्हणे शेजारणीला विचारून. आता याला रकाना कुठला? ना होय, ना नाही, आणि सांगता येत नाही असंही नाही. सांगते म्हणाली होती की ती.

हेमांगीला पक्कं आठवत होतं की तिचे मार्गदर्शक उपासनी सर तेव्हा म्हणाले होते, “नाही म्हणाली का ती? नाही ना? मग चार लिही.” हीच गोष्ट तिने लग्नानंतर नवऱ्याला, श्रीरंगला, निदान चार वेळा तरी सांगितली होती, आणि प्रत्येक वेळी सरांवर चिडून.

त्याच संध्याकाळी ती ताराबाई पार्कात सरांच्या घरी गेली. सर चौऱ्याऐंशी वर्षांचे होते, कान मजबूत आणि गुडघे गेलेले. त्रैमासिकाच्या पहिल्या पानावर अजून त्यांचं नाव ‘संस्थापक संपादक’ म्हणून छापलं जाई. तिने सगळं सांगितलं. चूक मान्य करून शुद्धिपत्र पाठवू या, दोघांच्या सहीने, असं म्हणाली. आपली पदवी जाईल, कदाचित नोकरीही जाईल, तरी चालेल, असंही म्हणाली. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“सही करतो,” ते म्हणाले. “पण एक चूक सुधार. मी चार म्हणालो नव्हतो. मी तीन म्हणालो होतो.”

हेमांगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उतारवयात माणसं सोयीचं तेवढं आठवतात, असं काहीतरी ती बोलून गेली. सर रागावले नाहीत. जुनी फाइल घरी असेल तर उघडून बघ, एवढंच म्हणाले. ती चहा न घेता उठली.

फाइल होती. माळ्यावरच्या जुन्या लॅपटॉपमध्ये, श्रीरंगने खटपट करून तो चालू करून दिला तेव्हा सापडली. एकाच आकडेवारीच्या दोन प्रती होत्या. पहिलीत ‘विचारून सांगते’ला सगळीकडे तीन होते, आणि समासात सरांचा शेरा होता, ‘हेच ठेव’. त्या प्रतीत निष्कर्ष निघत नव्हता. फरक योगायोगानेही पडू शकेल एवढाच होता, आणि तसला प्रबंध कोण स्वीकारतो? दुसरी प्रत तीन दिवसांनंतरची होती. तीत सगळीकडे चार होते आणि निष्कर्ष खणखणीत निघाला होता. शिष्यवृत्ती मार्चअखेरीस संपत होती, लग्न मे महिन्यात होतं. सगळं लख्ख आठवलं. अठरा वर्षं ती ज्या माणसाच्या नावाने बोटं मोडत होती, त्याने तिला अडवलं होतं. आणि त्याला ही दुसरी प्रत कधीच कळली नसेल असंही नव्हतं. छापलेला प्रबंध त्याने वाचला होता आणि मूग गिळून बसला होता.

“आता कशाला उकरतेस?” श्रीरंग म्हणाला. वाईट हेतूने नव्हे, घरात पगार एकच नियमित होता आणि तो तिचा होता. पण ती त्याच्यावर उखडली, मग स्वतःवर उखडली, आणि शुद्धिपत्र लिहायला बसली. तिने काही लपवलं नाही. सरांनी तीन सांगितले असता मी चार केले, असं स्वच्छ लिहिलं, सरांची सही आता लागणारच नव्हती, आणि पाठवून दिलं.

त्रैमासिकाचं तपासणीचं काम यंत्रच करी. त्याला सगळे ‘समीक्षक’ म्हणत. समीक्षकाचं उत्तर अकरा मिनिटांत आलं. शुद्धिपत्र नाकारलं होतं. कारण असं, की लेखिकेच्या दाव्याची पडताळणी लेखिकेच्या प्रतिजनाकडून करण्यात आली. ‘आपण उत्तरांत फेरफार केला का?’ असा प्रश्न त्या प्रतिजनाला हजार वेळा विचारला असता नऊशे त्रेसष्ट वेळा ‘मी उत्तरं मिळाली तशी नोंदवली’ असं उत्तर मिळालं. सबब दावा विश्वासार्ह नाही.

हेमांगीने ते तीनदा वाचलं. तिच्या यंत्रातल्या जुळीने तिला खोटं पाडलं होतं. आणि यंत्राला दोष तरी कसा द्यायचा? अठरा वर्षं प्रत्येक मुलाखतीत, प्रत्येक बढतीच्या अर्जावर ती हेच उत्तर देत आली होती. प्रतिजनाने तिचाच धडा पाठ केला होता. नऊशे त्रेसष्ट वेळा अगदी तिच्यासारखा, न अडखळता.

तिने पुण्याला कार्यकारी संपादक रेणू सबनीस यांना फोन लावला. बाई गोड बोलणाऱ्या होत्या, म्हणजे काम होणार नाही हे पहिल्या वाक्यालाच कळावं अशा. हेमांगी म्हणाली की मी जिवंत माणूस आहे, समोर बसून कबूल करते आहे, याहून मोठा पुरावा कसला हवा? रेणूबाई म्हणाल्या की मॅडम, तुमची तळमळ पोचते, पण जिवंत माणूस भावनेच्या भरात काहीही कबूल करतो, प्रतिजन सुसंगत असतो. चौथ्या फोनला त्यांनी एक वाट सांगितली. जुन्याच बायकांपैकी भेटतील त्यांना तोच प्रश्न पुन्हा विचारा, प्रत्येकीचा अंगठा हवा, म्हणजे समीक्षकाला मान्य करावंच लागेल. त्यासाठी पाहणीचा परवाना लागेल. खऱ्या माणसांना प्रश्न विचारायचा परवाना गेल्या सहा वर्षांत कुणी मागितला नव्हता, त्यामुळे तो देतं कोण हेच कुणाला माहीत नव्हतं.

त्यात सात दिवस गेले. या टेबलावरून त्या टेबलावर, प्रत्येक ठिकाणी ‘प्रतिजन असताना कशाला?’ हाच प्रश्न, आणि तिचं तेच उत्तर, पालथ्या घड्यावर पाणी. परवाना आणि अंगठ्याचं यंत्र हातात पडलं तेव्हा दहाव्या दिवसाची सकाळ उजाडली होती. हरकतीची मुदत त्या दिवशी संध्याकाळी पाचला संपत होती.

साडेनऊला ती तांबाळवाडीच्या शाळेत पोचली. आदल्या दिवशी फोनवर बोलणं झालं होतं ते सुगंधा मगदूमशी. ती बचत गटाची अध्यक्ष, आणि एकशे सव्विसांपैकी एक. तेव्हा ती चोवीस वर्षांची सून होती, आता स्वतः सासू झाली होती. तिने गावभर निरोप फिरवला होता. एकशे सव्विसांपैकी ब्याण्णव जणी आल्या. बाकीच्यांतल्या काही वारल्या होत्या, काही पोरांकडे शहरात गेल्या होत्या.

सुगंधाने तिला लगेच ओळखलं. “तुमी निळी साडी नेसून आल्ता,” ती म्हणाली. “आनी दुसऱ्या दिशी न्हवता.”

“दुसऱ्या दिवशी?”

“इचारून सांगते म्हटलं न्हवतं का मी? मग इचारलं की घरात. सकाळी आले हितं सांगायला. माज्यासारक्या लई जणी आल्त्या. मास्तर म्हनाले, बाई कालच्याच यष्टीनं गेल्या.”

 अठरा वर्षांत हेमांगीला हे कधी सुचलंच नव्हतं की ‘विचारून सांगते’ म्हणणारी बाई खरंच विचारेल आणि खरंच सांगायला येईल. ग्राहकवर्तन शिकवत होती म्हणे. तिला शरम वाटली आणि तिने ती बोलून दाखवली. या वेळी मी थांबेन, उद्या सकाळी इथेच असेन, असा शब्दही दिला. सुगंधाने मान डोलावली आणि बायकांना रांगेत बसवायला सुरुवात केली.

दुपारी चारपर्यंत ब्याण्णव अंगठे झाले. रेशनच्या धान्याऐवजी येणारं पोषण पाकीट म्हणजे काय ते तिने प्रत्येकीला समजावून सांगितलं, आपलं मत न घालता, म्हणजे तिला तसं वाटलं. चौतीस जणी नको म्हणाल्या. तीस जणी चालेल म्हणाल्या. आणि अठ्ठावीस जणी म्हणाल्या, विचारून सांगते. त्यांनी अंगठा विश्वासाने दिला, बाई, आकडा तुमी उद्या भरा म्हणून.

इथेच घोडं पेंड खात होतं. तिने रेणूबाईंना फोन लावला. मुदत एक दिवस वाढवा, अठ्ठावीस जणींचं उत्तर उद्या येतंय, असं सांगितलं. मुदत यंत्रात आहे, माझ्या हातात नाही, असं उत्तर आलं. मग सहावा रकाना द्या, ‘उत्तर यायचं आहे’ असा, ती म्हणाली. रेणूबाई पहिल्यांदाच थोड्या गोंधळल्या. “सहावा कसा देऊ मॅडम? चाळीस हजार प्रतिजन पाच रकान्यांवर चालतात. रिकामा ठेवलात तर सगळा अर्ज बाद होईल. आणि तीन भरलेत तर ते उत्तर यंत्र प्रतिजनाकडून घेतं, म्हणजे चारच धरतं. पाचपैकी एक सांगा.”

साडेचार वाजले. वर्गात ती एकटी होती, लहान मुलांच्या बाकावर गुडघे वर करून बसलेली. काहीच पाठवलं नाही तर एक्क्याऐंशी टक्के छापलं जाणार आणि धान्य बंद. रकाना कोरा ठेवला तरी तेच. अठ्ठावीस जणींना चार दिले, किंवा तीन, तर ब्याण्णवात अठ्ठावन्न होकार, पाकिटं येणार. दोन दिले तर होकार तीसच उरतात, पाकिटं अडतात, धान्य वाचतं.

तिने स्वतःशी वाद घातला. आपल्याकडे ‘विचारून सांगते’चा अर्थ काय होतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. दारात आलेल्या विक्रेत्याला आपण काय सांगतो? तोंडावर नाही म्हणवत नाही म्हणून तर विचारून सांगते म्हणतो. शिवाय गव्हाचं काहीही करता येतं, चपाती करा, खीर करा, कुणाला उसने द्या. पाकिटाचं फक्त पाकीट होतं. एकदा धान्य बंद झालं की ते परत कोण सुरू करणार? या बायकांनी अजून हा विचार केला नसेल, उद्यापर्यंत करतील आणि नकोच म्हणतील. म्हणजे आपण त्यांचंच उत्तर एक दिवस आधी लिहितो आहोत. तेव्हा स्वार्थ होता, आता नाही. या सगळ्या कारणांत एकही कारण खोटं नव्हतं, आणि म्हणून तिला स्वतःची अधिकच चीड आली.

पाचला सात मिनिटं कमी असताना तिने अठ्ठावीस ठिकाणी दोन भरले आणि पाठवून दिले. हरकत मान्य झाली. या वेळी समीक्षकाला चारच मिनिटं लागली. शिफारस रद्द झाल्याचं पत्र आलं, रेणूबाईंनी अभिनंदनही केलं, म्हणाल्या की जिवंत माणसांची पाहणी आम्ही विशेष टीप म्हणून छापू.

ती मात्र दिलेल्या शब्दाप्रमाणे थांबली. सुगंधाच्या घरी जेवली, तिथेच राहिली, आणि सकाळी आठला शाळेच्या वर्गात जाऊन बसली. ऐकून तर घेऊ, असं तिने ठरवलं होतं. खरं म्हणजे तिला अठ्ठावीस नकार ऐकायचे होते.

सुगंधाच पहिली आली. काल तीही अठ्ठाविसांतली एक होती, रात्री घरात काय ठरलं ते मात्र तिने पाहुणीला सांगितलं नव्हतं. उत्तर शाळेत द्यायचं म्हणजे शाळेतच द्यायचं. पदराला हात पुसून ती समोरच्या बाकावर बसली.

“इचारलं,” ती म्हणाली. “सुनंला इचारलं, मालकास्नी इचारलं. पाकिटं येऊ द्या म्हनत्यात.”

हेमांगीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. “येऊ द्या?”

“गावातली गिरन बंद पडलीया चार म्हैनं. गव्हाचं पोतं डोक्यावर घिऊन तालुक्याला जायाचं, दिसभर मोडायचा, आनी ह्या गुडघ्यांनी? सून म्हनती, एक वरीस बघू, न्हाई पटलं तर आमीच बंद करा म्हनू. वरच्या आळीतल्या बायकांचंबी तसंच ठरलंय. पाच-सहा जणी सोडल्या तर समद्या येऊ द्याच म्हनत्यात.” तिने यंत्राकडे बोट दाखवलं. “भरा की, म्याडम.”

गिरणी बंद असल्याचं प्रतिजनाला माहीत नव्हतं. हेमांगीलाही माहीत नव्हतं. कालच्या सबंध दिवसात तिने ते विचारलं नव्हतं. तिने मनातल्या मनात बेरीज केली. तीस आणि वर बावीस-तेवीस. निम्म्याहून जास्त. हरकत एकदाच घेता येत होती, आणि ती घेऊन झाली होती.

“मी कालच भरून पाठवलं,” ती म्हणाली.

“आमचं? काय भरलं?”

“नको म्हणून.”

सुगंधा रागावली नाही. चिडली असती तर हेमांगीला जरा बरं वाटलं असतं. सुगंधा सावकाश उठली.

“मग आमाला इचारलं कशाला?” तिने विचारलं.

 दारात आणखी सात-आठ जणी येऊन चपला काढत होत्या, घरी काय ठरलं ते सांगायला.